एक ‘न’ कमी : ‘सोनी’ हे नाव कसं ठरलं

जपानी भाषेत ‘सोन’ म्हणजे तोटा. आपल्या कानाला हे चमत्कारिक वाटतं, कारण आपल्याकडे त्याच शब्दावर एक टिंब दिलं की सोनं होतं. पण १९५० च्या दशकात तोक्योतल्या दोन माणसांनी आपल्या कंपनीसाठी शब्दकोश पालथे घातले, एक गोंडस शब्द जवळपास पक्का केला, आणि मग त्यांच्या ध्यानात आलं की आपलीच माणसं हा शब्द वाचतील तेव्हा त्यांना त्यात तोटा ऐकू येईल. धंद्याच्या दारावर तोट्याची पाटी कोण लावेल? त्या अडचणीतून त्यांनी जी वाट काढली, तीच आज टीव्हीवर आणि कॅमेऱ्यावर चार रोमन अक्षरांत दिसते.

छोटे व्यवसाय सुरू करणाऱ्यांबरोबर मी नावं शोधायला बसतो. वही उघडली की पहिल्या पानावर बहुतेकांचं तेच येतं : आईचं नाव, गावाचं नाव, कुलदैवत, मालाचं नाव आणि पुढे ‘एंटरप्रायजेस’. यात चूक काही नाही, कीवर्ड, म्हणजे नावासाठीचे कच्चे शब्द, असेच गोळा होतात. पण पान उलटलं की हात थांबतो, कारण त्या शब्दांचं पुढे काय करायचं हे कुणी सांगितलेलं नसतं. तिथे मी ‘सोनी’चं प्रकरण काढतो. कीवर्ड कुठून आले, अटी कुठल्या घातल्या, कुठल्या अटीवर कुठलं नाव पडलं आणि शेवटी ते नाव कोर्टात कसं टिकलं, हे सगळं या एका प्रकरणात उघडं दिसतं.

तोंडात बसेना असं नाव

७ मे १९४६ रोजी मासारू इबुका आणि अकिओ मोरिता यांनी तोक्योत कंपनी सुरू केली. भांडवल १ लाख ९० हजार येन, माणसं वीसेक. युद्धाने शहराची राखरांगोळी झालेली. त्याआधी काही महिने इबुकांनी निहोनबाशी भागात, बॉम्बहल्ल्यांतून वाचलेल्या एका डिपार्टमेंट स्टोअरच्या इमारतीत रेडिओ दुरुस्तीचं काम थाटलं होतं. कंपनीला नाव दिलं ‘तोक्यो त्सुशिन कोग्यो’. तोक्यो हे गाव, त्सुशिन म्हणजे संदेशवहन, कोग्यो म्हणजे उद्योग.

म्हणजे यांच्याही वहीचं पहिलं पान आपल्यासारखंच होतं : गाव, काम, आणि शेवटी ‘उद्योग’. त्या वेळेला ते नाव अगदी योग्य होतं, असं माझं मत आहे. सुरुवातीचं गिऱ्हाईक म्हणजे सरकारी खाती आणि रेडिओ केंद्र. अशा ठिकाणी बिल पाठवायचं तर कोण, कुठले आणि काय करता हे कागदावरच कळलेलं बरं. नाव चुकीचं नव्हतं. गिऱ्हाईक बदललं.

१९५० मध्ये कंपनीने जपानमधला पहिला टेपरेकॉर्डर बाजारात आणला आणि त्यासोबत कागदी पट्टीवर तयार केलेली चुंबकीय टेपही. त्या टेपचं नाव होतं ‘सोनी-टेप’. त्यात शेवटी वाय नव्हता, आय होता. हा तपशील मला फार मोलाचा वाटतो. पुढे मोरितांनी सांगितलेली हकिगत ऐकताना असं वाटतं की नाव एके दिवशी अचानक सुचलं. ते सुचलं हे खरं, पण त्या आधी पाच वर्षं तो आवाज कारखान्यातल्या खोक्यांवर छापलेला होता. नावं शोधायला बसलेल्यांना मी म्हणूनच सांगतो की आधी आपल्याच कपाटात बघा. जुन्या पावत्या, मालाला कामगारांनी ठेवलेली टोपणनावं, गिऱ्हाईक फोनवर जे म्हणतात ते. चांगला कीवर्ड बरेचदा घरातच पडून असतो.

१९५३ मध्ये मोरिता अमेरिकेला गेले. ट्रान्झिस्टर बनवण्याचा परवाना वेस्टर्न इलेक्ट्रिक या तिथल्या कंपनीकडून घ्यायचा होता. तिथे त्यांना कळलं की आपलं नाव कुणाच्याच तोंडात बसत नाही. जपानमध्ये कंपनीला थोडक्यात ‘तोत्सुको’ म्हणत. तीन शब्दांचं पहिलं पहिलं अक्षर घेऊन जुळवलेलं नाव. तेही अमेरिकन माणसाला जमेना. इंग्रजीत भाषांतर करून पाहिलं तर ते ‘तोक्यो टेलिकम्युनिकेशन्स इंजिनिअरिंग कंपनी’ असं लांबलचक झालं. ‘तोक्यो टेलेटेक’ हे नाव काही दिवस वापरलं, तर टेलेटेक नावाची कंपनी अमेरिकेत आधीपासूनच होती. ‘टीटीके’ अशी नुसती आद्याक्षरं घ्यावीत, तर जपानमध्ये एका रेल्वे कंपनीला ‘टीकेके’ म्हणून सगळे ओळखत.

इथे थोडं थांबू. लांबी, उच्चार, आधीच कुणीतरी घेतलेलं असणं, शेजारच्या नावाशी साम्य. या चारही अटी त्यांनी आधी कागदावर लिहून मग नावं शोधली असं झालं नाही. प्रत्येक नाव कुठल्यातरी खिळ्याला अडकून फाटलं आणि त्या खिळ्याची अट झाली. मला अटींचा हा जन्म खरा वाटतो. पुस्तकातली यादी उतरवून घेतलेल्या अटींना धार नसते. आपलं नाव टेलिफोनवर तीनदा सांगावं लागलं की ‘फोनवर एकदाच सांगून कळलं पाहिजे’ ही अट आपोआप तयार होते, आणि ती कुणी विसरत नाही.

अटी

अमेरिकेतल्या पाट्या मोरितांनी बघितल्या होत्या. रेडिओ आणि टेलिफोन कंपन्या तीन-चार अक्षरांनी ओळखल्या जात होत्या. त्यावरून दोघांनी ठरवलं की वेगळं चिन्ह काढायचंच नाही, नाव हेच चिन्ह. मग नाव छोटं हवं, चार-पाच अक्षरांचं. ते रोमन लिपीत हवं. जगात कुठेही सारखंच उच्चारलं गेलं पाहिजे. आणि त्याला दुसरा काही अर्थ नसावा.

या शेवटच्या अटीकडे बघताना मोरितांचं घराणं आठवतं. नागोयाजवळ त्यांच्या घराण्याचा साके, म्हणजे तांदळाची दारू, बनवण्याचा सुमारे ३०० वर्षं चालत आलेला व्यवसाय होता. घरच्या साकेचं नाव ‘नेनोहिमात्सु’. जपानी पंचांगात ज्याला ‘उंदराचा दिवस’ म्हणतात, वर्षातल्या तशा पहिल्या दिवशी रानात जाऊन पाइनचं रोप निवडून आणायचं आणि अंगणात लावायचं, अशी जुनी प्रथा होती. दीर्घायुष्याची खूण म्हणून. हा शब्द ‘मान्योशू’ या जपानच्या प्राचीन काव्यसंग्रहातून घेतलेला. थोरल्या मुलाने हीच गादी चालवायची होती, आणि मोरिता थोरलेच होते. कवितेतून आलेल्या, अर्थाने ओथंबलेल्या नावाच्या सावलीत वाढलेला माणूस परदेशी लिपीतली, कुठेच अर्थ नसलेली चार अक्षरं निवडायला निघतो, हे सोपं नसणार. पण ‘नेनोहिमात्सु’चा गोडवा ज्याला जपानी येतं त्यालाच. शिकागोतल्या दुकानदाराला तो कुठून कळणार?

अर्थ नको म्हणजे काही आठवूच नये, असं मात्र त्यांना नको होतं. ही फार बारीक रेघ आहे. १८८८ मध्ये जॉर्ज ईस्टमनने ‘कोडॅक’ हे नाव बनवलं तेव्हा त्याने कीवर्ड जवळ केलेच नाहीत. त्याला ‘के’ हे अक्षर आवडायचं, ठाम आणि टोकदार वाटायचं. म्हणून ‘के’ने सुरू होणारी आणि ‘के’नेच संपणारी अक्षरं जुळवत तो बसला. नाव छोटं असावं, चुकीचं उच्चारता येऊ नये, त्या धंद्यातल्या दुसऱ्या कशासारखं वाटू नये, एवढं त्याने बघितलं. कॅमेऱ्याचा ‘क’ही त्याने विचारात घेतला होता असं दिसत नाही. हा एक टोकाचा मार्ग. इबुका-मोरितांनी मधला धरला : बी अर्थाचं पेरायचं, पण उगवून येणारं रोप कुठल्याच शब्दकोशात सापडता कामा नये.

सोनुस, सनी, सोन्नी

दोघांनी शब्दकोश घेतले. आपला धंदा कशाचा? टेप, रेकॉर्डर, रेडिओ, म्हणजे आवाजाचा. आवाजासाठी लॅटिन शब्द सापडला ‘सोनुस’. शब्दातच नाद आहे असं मोरितांना वाटलं.

मग ‘सोनुस’च का ठेवलं नाही? मला वाटतं, ते नाव त्यांच्याच अटींवर पडलं असतं. तो लॅटिनचा सरळ शब्द आहे, कुणीही उचलू शकतो. शिवाय जपानी उच्चारात शेवटचा ‘स’ मोकळा राहत नाही, त्याला उकार लागतो आणि ‘सोनुसु’ होतं. इंग्रज एक म्हणणार, जपानी दुसरं.

त्याच सुमारास जपानमध्ये इंग्रजी बोलीतले शब्द तरुणांच्या तोंडी रुळले होते. चुणचुणीत, देखण्या पोराला ‘सनी’ किंवा ‘सनी-बॉय’ म्हणत. इंग्रजी वर्णाक्षरांत एस-ओ-डबल एन-वाय. हे दोघं स्वतःलाही तसेच समजायचे : नव्या उमेदीची पोरं. लॅटिन आवाज आणि इंग्रजी पोरगा, दोन्ही एका शब्दात मिसळत होते. नाव जवळपास झालं होतं.

आणि तिथेच तो खिळा आला. जपानी माणूस रोमन अक्षरं वाचतो ती जपानी पद्धतीने. दोन ‘एन’ आले की पहिला वेगळा, नाकातून उच्चारला जातो. म्हणजे ‘सनी’ किंवा ‘सोनी’ न होता ‘सोन्-नी’ होतं. आणि ‘सोन’ म्हणजे तोटा.

मोरिता काही दिवस यावर विचार करत राहिले आणि मग त्यांना सुचलं की एक ‘एन’ गाळून टाकू. एस-ओ-एन-वाय. झालं.

या एका अक्षराच्या गळण्यात काय काय घडलं ते देवनागरीत लिहिलं की आपल्याला लख्ख दिसतं. जपानी वाचनात ‘सोन्नी’चं ‘सोनी’ झालं, जोडाक्षर सुटलं, तोटा गेला. इंग्रजी वाचनातही बदल झाला, आणि त्याकडे फार थोड्यांचं लक्ष जातं. इंग्रजीत ‘सन’ म्हणजे मुलगा, त्यावरून ‘सनी’. त्यात ओ लिहिलेला असला तरी उच्चार ‘स’चाच. एक एन काढला की इंग्रज माणूस तो शब्द ‘पोनी’ आणि ‘टोनी’च्या चालीवर वाचतो, म्हणजे ‘सोनी’. दोन एन असताना अमेरिकन ‘सनी’ म्हणाला असता आणि जपानी ‘सोन्नी’. एक काढल्यावर दोघेही ‘सोनी’वर येऊन भेटले. जगात सारखाच उच्चार हवा ही अट पुरी झाली ती तोटा टाळायला गेल्यामुळे.

आणि तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी. ‘सनी’ हा इंग्रजीतला रोजच्या वापरातला शब्द आहे. ‘सोनी’ इंग्रजी शब्दकोशात नव्हता. अडचण आली नसती तर ही मंडळी ‘सनी’वर खूश होऊन थांबली असती, आणि त्यांच्या हाती कुणाच्याही मालकीचा नसलेला एक सामान्य शब्द आला असता. या प्रकरणात मला सांगायचं आहे ते हेच : शेवटच्या क्षणी आलेल्या हरकतीने चांगलं नाव मोडलं नाही, तिनेच ते नाव घडवलं.

आपल्या दोन लिप्या

मराठीत आल्यावर मात्र मोरितांचा एक दावा लंगडा पडतो. कुठल्याच भाषेत या शब्दाला दुसरा अर्थ नाही, असं ते मानत. गुजरात-राजस्थानात ‘सोनी’ हे आडनाव आहे, सोनारकाम करणाऱ्यांचं. आपल्या घरांत धाकट्या मुलीला लाडाने ‘सोनी’ म्हणतात. पण हा अर्थ निघतो तो सोन्याचा आणि लाडाचा. नशिबाने इथे दान उलटं पडलं : जपानमध्ये ज्या ध्वनीत तोटा होता तोच आपल्याकडे शुभ निघाला. दोन अक्षरं, जोडाक्षर नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ नाही. मराठी पाटीवर इतकं सहज बसलेलं परदेशी नाव क्वचितच सापडेल.

हा भाग मी मुद्दाम रेंगाळून सांगतो, कारण आपलाही प्रत्येक व्यावसायिक आता दोन लिप्यांत राहतो. महाराष्ट्रात दुकानाची पाटी मराठीत, देवनागरीत असणं बंधनकारक आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही ते लागू आहे. मराठी अक्षरं दुसऱ्या भाषेतल्या अक्षरांपेक्षा लहान असून चालत नाहीत. त्याच वेळी इन्स्टाग्रामवर, क्यूआर कोडच्या खाली, कुरिअरच्या पावतीवर तेच नाव रोमनमध्ये जातं. दोन्हीकडे ते सारखं वाचलं जातं का, हे बघायला कुणी बसत नाही.

समजा, लंडनमध्ये मराठी खाद्यपदार्थ विकायचे आहेत. कीवर्ड लिहायला घेतले की पहिल्या पाचांत एक शब्द हमखास येणार : ‘चव’. छोटा, गोड, आपल्या जिभेवरचा. रोमनमध्ये लिहा : सी-एच-ए-व्ही. ब्रिटनमध्ये हा शब्द शिवीसारखा वापरतात, गावठी, उडाणटप्पू पोरांना हिणवायला. दुकानावर ती चार अक्षरं लावली तर तिथला माणूस दारात थबकेल. शिवाय आपल्या ‘चव’मधला च हा ‘चार’मधला नाही, तो ‘चमचा’तल्यासारखा दातांपाशी होणारा, ‘त्स’च्या जवळ जाणारा च आहे. रोमन अक्षरांत तो उतरतच नाही. म्हणजे अर्थ चुकला आणि आवाजही चुकला. ही आपली ‘सोन्-नी’.

मग इथे मोरितांसारखं करून पाहू. एक अक्षर वाढवून ‘चवी’ केलं, तर रोमनमधून कुणी ‘चावी’ वाचेल, कुणी ‘छवी’. आपला दंत्य उच्चार जपायला टी-एस-ए-व्ही असं लिहिलं, तर शिवी जाते आणि शब्दकोशात नसलेलं काहीतरी हाती लागतं. पण पुण्यातली मावशी ते वाचून काय म्हणेल? ‘साव’? ‘त्साव’? तेही गेलं. मग शब्दच सोडून शेजारचा कीवर्ड घ्यायचा : ‘घास’, ‘ताट’, ‘पान’, ‘वाढप’. ‘घास’ला हिंदीभाषक गवत समजेल. ‘ताट’ रोमनमध्ये ‘टाट’ होतं आणि इंग्रजीत त्याच्या जवळचा शब्द भिकार मालाला वापरतात. ‘पान’ म्हटलं की सगळा देश विड्याकडे जातो. ‘वाढप’ तगतो, पण फोनवर सांगून बघा. अशी अर्धा तास झटापट केली की यादी लहान होत जाते आणि उरलेल्या शब्दांचं वजन कळायला लागतं. ‘ळ’चंही तसंच. कोकमाचं ‘आगळ’ रोमनमध्ये लिहिलं की नागपूरपलीकडे ते ‘अगल’ होतं. ‘ळ’ असलेलं नाव घेऊ नका असं मी म्हणणार नाही, तो आपला लाडका वर्ण आहे. पण घेणार असाल तर तो रोमनमध्ये हरवणार हे धरून घ्या.

नाव ठरल्यावर

१९५५ मध्ये कंपनीच्या मालावर ‘सोनी’ हे नाव येऊ लागलं. जपानमधला पहिला ट्रान्झिस्टर रेडिओ, टीआर-५५, त्याच वर्षीचा. त्याच वर्षी मोरिता छोटा रेडिओ घेऊन न्यूयॉर्कला गेले. घड्याळांसाठी प्रसिद्ध असलेल्या बुलोव्हा कंपनीने तो बघितला आणि १ लाख नगांची मागणी दिली. अट एकच : रेडिओवर नाव बुलोव्हाचं हवं. ही मागणी कंपनीच्या त्या वेळच्या आवाक्यापेक्षा मोठी होती. तोक्योतल्या सहकाऱ्यांचा निरोप आला, घेऊन टाका. मोरितांनी नाकारली. आमचं नाव मोठं व्हायला ५० वर्षं लागलीत, तुमचं नाव कुणाला माहीत, अशा अर्थाचं समोरचा माणूस म्हणाला. मोरितांचं उत्तर असं होतं की ५० वर्षांपूर्वी तुमचंही नाव कुणाला माहीत नव्हतं, आणि ५० वर्षांनी आमचं तुमच्याइतकंच मोठं झालेलं असेल.

पुढे काय झालं ते माहीत असल्याने आज हे शूर वाटतं. त्या दिवशी मात्र टेबलावर लाखभर रेडिओंचे पैसे होते आणि दुसऱ्या पारड्यात चार अक्षरं, जी वापरायला घेऊन वर्षही झालं नव्हतं. नावासाठी एवढी किंमत मोजायची तयारी असेल तरच ते नाव झालं म्हणायचं.

१९५७ च्या जूनमध्ये तोक्योच्या हानेदा विमानतळासमोर ‘सोनी’चा पहिला मोठा फलक लागला, वर्षअखेर तोक्योच्याच गिन्झा भागात दुसरा. आणि जानेवारी १९५८ मध्ये कंपनीचंच नाव बदलून ‘सोनी’ करण्यात आलं. हे सहजी झालं नाही. कंपनीची मुख्य बँक, मित्सुई, हिला हा बदल बिलकूल पटला नव्हता. दहा वर्षं घालवून तोक्यो त्सुशिन कोग्यो हे नाव बाजारात रुजवलं, आणि आता हे काय नवीन खूळ? बदलायचंच असेल तर निदान ‘सोनी इलेक्ट्रॉनिक उद्योग’ किंवा ‘सोनी टेलेटेक’ असं काहीतरी ठेवा, म्हणजे धंदा कशाचा ते तरी कळेल.

बँकेची बाजू मला समजते. पैसे लावलेला माणूस नावात कीवर्ड मागतो, त्याला त्यात खात्री वाटते. मोरिता हटले नाहीत. आज आपण इलेक्ट्रॉनिक्समध्ये आहोत, उद्या कशात असू काय माहीत. नावाला कुठल्याच धंद्याच्या दावणीला बांधायचं नाही. पुढचा इतिहास बघा : १९६८ मध्ये ध्वनिमुद्रिका, १९७९ मध्ये आयुर्विमा, १९८९ मध्ये हॉलिवूडचा कोलंबिया स्टुडिओ, १९९४ मध्ये प्लेस्टेशन. १९९५ मध्ये याच नावाची हिंदी वाहिनी भारतात आली आणि २०१८ मध्ये ‘सोनी मराठी’. मालिकेच्या कोपऱ्यात ‘सोनी इलेक्ट्रॉनिक उद्योग मराठी’ अशी अक्षरं डोळ्यांसमोर आणून बघा, मोरितांनी बँकेला नाही का म्हटलं ते कळेल.

चॉकलेट

कंपनीने हे नाव १७० देश-प्रदेशांत नोंदवलं होतं, आणि फक्त इलेक्ट्रॉनिक्सच्या वर्गात नाही, इतरही अनेक वर्गांत. तरीही एक दिवस जपानमध्येच ‘सोनी’ नावाचं चॉकलेट विकायला आलेलं दिसलं. त्या चॉकलेटवाल्याने कंपनीचं नावही तसंच करून घेतलं होतं. मोरितांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र आलं : कुणाच्या पोटात दुखलं, तर लोक कुणाला नावं ठेवतील?

प्रकरण कोर्टात गेलं आणि जवळपास चार वर्षं चाललं. समोरच्या वकिलांचा डाव सरळ होता. ‘सोनी’ हा कुठल्यातरी भाषेतला सामान्य शब्द आहे एवढं दाखवता आलं, की मग तो कुणीही वापरू शकतो. त्यांनी ग्रंथालयांतले परदेशी शब्दकोश धुंडाळले. काही मिळालं नाही. कंपनीची मंडळी निर्धास्त होती, कारण नाव ठरवताना तेच कोश त्यांनी आधीच चाळले होते. खटला सोनीने जिंकला.

आता ‘सनी’ ठेवलं असतं तर काय झालं असतं? वकिलाला पहिल्याच कोशात पहिल्याच प्रयत्नात शब्द सापडला असता. ती गाळलेली ‘एन’ कोर्टात अशी उपयोगी पडली.

आपल्याकडे १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याचं कलम ९ हेच सांगतं. नुसता मालाचा प्रकार, दर्जा किंवा गाव सांगणारा शब्द नोंदणीला चालत नाही, कारण तो सगळ्यांचाच आहे. फार वर्षांच्या वापराने त्याला वेगळी ओळख मिळालेली असेल तरच गोष्ट निराळी. माल आणि सेवा मिळून ४५ वर्ग आहेत आणि नोंदणी वर्गवार होते. मसाल्याच्या नावात ‘मसाला’ आणि गाव घालून मग कुणी नक्कल केली म्हणून रडत आलेली माणसं बघितली की जीव तुटतो. त्यांची मेहनत खरी असते, पण त्यांनी घेतलेला शब्द त्यांचा नसतो.

वॉकमन

या प्रकरणाला एक पुढचा अंक आहे. १ जुलै १९७९ रोजी सोनीने खिशात मावणारा कॅसेट प्लेअर बाजारात आणला. नाव ‘वॉकमन’. कंपनीतल्या तरुण मंडळींनी मोरिता प्रवासात असताना ते ठरवलं. ‘प्रेसमन’ नावाचा छोटा रेकॉर्डर कंपनी आधीपासून विकत होती, त्यावरून ते सुचलं. मोरितांना ते आवडलं नाही, पण जाहिराती आणि वेष्टनं छापून झाली होती. इंग्रजी बोलणाऱ्या देशांतल्या सहकाऱ्यांनाही ते व्याकरणात न बसणारं वाटलं. म्हणून अमेरिकेत ‘साउंडअबाउट’, ब्रिटनमध्ये ‘स्टोअवे’, स्वीडनमध्ये ‘फ्रीस्टाइल’ अशी निरनिराळी नावं दिली गेली. जगात एकच नाव हवं, ही २५ वर्षांपूर्वीची अट कंपनी स्वतःच विसरली. पण जपानला आलेले प्रवासी घरी जाताना वॉकमनच मागायचे. शेवटी मोरितांनीच आदेश काढला की जगभर एकच नाव.

व्याकरणात न बसणारं हे नाव मग इतकं लोकांचं झालं की कुठल्याही कंपनीच्या कॅसेट प्लेअरला लोक वॉकमन म्हणू लागले. मराठी घरांतसुद्धा. १९८६ मध्ये तो शब्द ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशात आला. जर्मन कोशातही आला, आणि तिथे तो ट्रेडमार्क आहे अशी खूण नव्हती. २००२ मध्ये ऑस्ट्रियाच्या सर्वोच्च न्यायालयासमोर प्रश्न आला की दुसरे विक्रेते हा शब्द वापरू शकतात का. न्यायालयाने म्हटलं, तो आता सामान्य शब्द झाला आहे. तोक्योत समोरच्या वकिलांना शब्दकोशांत काहीच मिळालं नव्हतं. व्हिएन्नात शब्द अर्थासकट छापलेला मिळाला.